खालचे सात थर

सोमवारी तुम्ही पाण्याच्या टाकीची एक धड भिंत फोडायला माणसं पाठवणार आहात. तिच्याखाली उतारावर चाळीस घरं आहेत आणि त्यांतल्या तिसऱ्या घरात माझी बहीण राहते. तुमच्या कागदावर या कामाला ‘दुरुस्ती’ म्हटलं आहे. चाळीस घरांवर पाणी सोडायची तयारी तुम्ही शिक्का मारून केली आहे, असं मी म्हणते.

त्याच कागदावर असंही आहे की भट्टीवालीने, म्हणजे मी, खात्याची फसवणूक केली. ते खरं आहे. केली. कशी केली, कुणाला सांगून केली आणि कुणाला न सांगता केली, ते सगळं इथे लिहिते. मला त्यातलं काही लपवायचं नाही. लपवायचं काय ते तुम्हाला आहे.

टाकी तुम्हाला नकाशावर माहीत आहे, म्हणून सांगते. दगडी आहे, डोंगराच्या उतारावर आहे, आणि तिची उताराकडची भिंत दहा वर्षांपूर्वी फुगली तेव्हा तुम्ही तिला सिमेंट थापलं. सिमेंट ताठ, भिंत जुनी आणि मऊ. दोघांचं जमलं नाही, खपल्या पडल्या, सांधे उघडे झाले. मग तुमच्यातल्याच कुणीतरी ठरवलं की चुन्याने बांधलेली भिंत चुन्यानेच बांधावी. इथवर अक्कल शाबूत होती. पण कोणता चुना, हे ठरवताना तुम्ही तक्ता उघडलात. तक्त्यात होतं, दगडाची शुद्धता नव्वद टक्क्यांच्या वर हवी. त्याखालचा दगड हलक्या प्रतीचा.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी ते वाचून दाखवलं तेव्हा ते हसले. म्हणाले, चाळीस वर्षं तो दगड याच खांद्यावरून वाहिला, हलका काही कधी लागला नाही.

आमच्या खाणीतला दगड निळसर करडा. त्याच्या पोटात माती आहे, थराथरात मुरलेली, पाचातला एक भाग. नीट भाजला की ती माती चुन्याशी एकजीव होते आणि असा चुना पाण्याखालीही धरतो. पांढऱ्या दगडाचा चुना तसा नाही. तो हवेवर घट्ट होतो, त्याला श्वास लागतो. भिंतीच्या पोटात, पाण्याला पाठ लावून बसलेल्या सांध्यात हवा येणार कुठून? तिथे तो वर्षानुवर्षं लोण्यासारखा राहतो आणि पाणी त्याला चाटत बसतं.

हे मी तुमच्या कार्यालयात येऊन तीन वेळा सांगितलं. पहिल्यांदा साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्यांदा जेवून आले होते, पण बसले नव्हते. तिसऱ्यांदा त्यांनी मला उभ्याने ऐकलं, पेनाचं टोपण उघडत-लावत, आणि म्हणाले, “म्हणजे बाई, तुमच्या मालात माती आहे हे तुम्ही स्वतःच कबूल करताय.”

शेजारचा कारकून हसला. मी घरी आले.

तुमची नेहमीची मोठी भट्टी तेव्हा बंद होती, म्हणून पांढरा दगड तुम्ही माझ्या भट्टीवर पाठवलात. चाळीस पोती चुना, तुमच्या दगडाचा, माझ्या विस्तवावर. तो दगड अजून माझ्या अंगणात पडला आहे. येऊन मोजा. मी भट्टीत आमचा करडा भरला.

सोपं काम नव्हतं. पांढरा दगड जरा जास्त तापला तरी खपवून घेतो. करड्याचं तसं नाही. आच कमी पडली तर दगड पोटात कच्चा राहतो, जास्त झाली तर त्यातली माती वितळून काचेसारखा खंगर होतो, आणि खंगर म्हणजे फेकून द्यायचा माल. मधली वाट बोटभर रुंद. दगडाचा थर, कोळशाचा थर, असे अकरा थर लावले आणि तीन दिवस आप्पा झरोक्याशी खुर्ची टाकून बसले. त्यांना आता दूरचं दिसत नाही, पण विस्तवाचा रंग दिसतो. पिकल्या जांभळाचा असेल तर वारा द्या, संत्र्याच्या सालीचा झाला तर झाका. दुसऱ्या दिवशी दुपारी एका कोपऱ्यात पिवळा दिसला. मी ओली माती घेऊन धावले, झरोका लिंपला आणि तासभर आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो. आत सगळं खंगर झालं असतं तर दुसरी भट्टी लावायला दिवस नव्हते, आणि मग मुकाट्याने तुमचा पांढरा द्यावा लागला असता. झालं नाही. कोपऱ्यातल्या दोन टोपल्या गेल्या, बाकी माल उतरला.

करड्यावर पाणीही मोजून शिंपडावं लागतं. भाजलेले खडे फुटून पीठ होतील एवढंच. एक तांब्या जास्त झाला तर चुना तिथेच धरायला लागतो. पीठ चाळलं, पोत्यांत भरलं, आणि प्रत्येक पोत्याच्या तोंडाशी बाजारातून आणलेला पांढरा चुना वीतभर पसरला. तुमचे तपासनीस नमुना पोत्याच्या तोंडाशीच घेतात. तुमच्या नियमात तसंच लिहिलं आहे. आम्ही त्यांना चाळणी म्हणतो, कारण ते घेतलेला नमुना चाळून, चोळून, जिभेला लावून बघतात. प्रामाणिक माणूस. त्यांनी चाळीसही पोत्यांवर पांढऱ्या मालाचा शिक्का मारला आणि मला ‘माल छान उतरलाय’ म्हणाले. मला लाज वाटली. तरी पोती गेली.

आता ती चूक, जी तुमच्या कागदात नाही, कारण तुम्हाला ती कळलेलीच नाही.

टाकीवरचे मुख्य गवंडी माझ्या बहिणीचे यजमान, माझे दाजी. पोती शुक्रवारी सकाळी गेली. भिजवणं शनिवारी सुरू व्हायचं होतं. मी ठरवलं होतं की शुक्रवारी संध्याकाळी जाऊन दाजींच्या कानावर घालायचं. आधी सांगितलं असतं तर त्यांना चाळणीसमोर खोटं बोलावं लागलं असतं, आणि दाजींना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. म्हणून थांबले. एवढाच माझा हिशेब.

दुपारी दोनच्या सुमारास ताईकडे गेले. ताई भांडी घासत होती. दाजी आतल्या खोलीत लवंडले होते. मी विचारलं, आज घरी कसे. ताई म्हणाली, काम लवकर आटपलं, चुना सकाळीच मजुरांना भिजत टाकायला लावलाय, आता सोमवारपर्यंत सुट्टी.

माझ्या हातातला पेला मी कट्ट्यावर ठेवला. तो नीट बसला नाही, आडवा झाला, पाणी सांडलं. ताई म्हणाली, अगं काय झालं.

पांढरा चुना खड्ड्यात बुडवून ठेवतात. तीन दिवस, तीन आठवडे, जितका मुरेल तितका चांगला, सायीसारखा होतो. सगळे गवंडी तेच करतात आणि पोत्यावर पांढऱ्याचा शिक्का असेल तर तेच करायला हवं. करडा चुना बुडवून ठेवला तर तो खड्ड्यातच दगड होतो. मी तुम्हाला फसवायला शिक्का मिळवला, आणि त्या शिक्क्याने माझीच माणसं फसली.

दाजींना उठवलं. ते डोळे चोळत म्हणाले, “काय मेव्हणीबाई, आज पीठ पेरायला आलात?” माझ्या अंगावर कायम चुन्याची भुकटी असते म्हणून हा त्यांचा जुना विनोद. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ताईने नळ बंद केला.

दाजी ओरडले नाहीत. पायात चपला घालत म्हणाले, “रंग मला सकाळीच खटकला होता. भुरकट होता. म्हटलं, कोळशाची राख असेल. मेव्हणीच्या भट्टीचा माल, संशय कशाला घ्यायचा.” मग दारात थांबून म्हणाले, “भिंत माझ्या हाताने उभी राहणार आणि तिच्यात काय आहे ते मलाच ठाऊक नाही. हे साहेबांनी केलं असतं तर समजलो असतो.”

 

आम्ही चढ चढत गेलो. दाजी पुढे, मी मागे, मध्ये वीस पावलांचं अंतर त्यांनीच ठेवलेलं. वर पोचलो तेव्हा खड्ड्यात दहा पोती रिकामी झाली होती आणि मजूर अकराव्याची शिवण उसवत होता. चाळणी झाडाखाली खुर्चीवर बसून वही लिहीत होते. दाजींनी मजुराला हाताने थांबवलं. काय कारण द्यायचं? ते खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले, बोट बुडवलं, आणि म्हणाले की खड्डा एका बाजूने पाणी पितोय, आधी तो लिंपू, बाकीची तीस पोती तोवर कोरडी राहू द्या. कान लालभडक. पण उन्हात चढून आलेल्या माणसाचे कान लालच असतात. चाळणींनी मान हलवली.

तीस पोती वाचली. दहांचं काय? चार-पाच तास होऊन गेले होते, पण त्यातलं निम्मं अजून लावता आलं असतं. दाजींनी चाळणींना विचारून बघितलं, आजच थर लावायला घेऊ का. चाळणी म्हणाले, नियमात किमान तीन दिवस भिजवायचा आहे. तो खड्डा झाकला गेला.

शनिवार आणि रविवार मी तुम्हाला लिहून दाखवू शकत नाही. ताई जेवायला बोलवायला आली, मी गेले नाही. ती म्हणाली, ते तुझं नावही घेत नाहीत आणि जेवतही नाहीत. आप्पा एवढंच म्हणाले की सोमवारी तू तिथे असायचंस, दाजींना एकट्याला उभं करू नकोस.

सोमवारी सकाळी नऊ वाजता चाळणींनी झाकण काढायला लावलं. वर वीतभर निवळ पाणी होतं, तळ दिसत होता. त्यांनी नेहमीसारखी लोखंडी सळई आत घातली. सळई ठण्ण वाजली. त्यांना वाटलं तळाचा दगड लागला. दुसरीकडे घातली. ठण्ण. मग त्यांनी पाणी उपसायला लावलं, हातोडा मागवला आणि स्वतः खड्ड्यात उतरून तीन घाव घातले. चौथ्या घावाला एक कपची उडाली. त्यांनी ती उचलली, वास घेतला, जिभेला लावली, आणि वर बघितलं. दाजींकडे नाही, माझ्याकडे.

मी तिथेच सगळं सांगितलं. दगड करडा होता, तोंडाशी पांढरा पसरला होता, दाजींना शुक्रवारी दुपारपर्यंत माहीत नव्हतं. मजूर ऐकत होते. चाळणी खड्ड्यातच उभे राहिले, घोट्यापर्यंत ओले. त्यांनी ती कपची हातात फिरवली. मग विचारलं, “हे पाण्याखाली झालं? झाकण लावून?”

दाजी म्हणाले, “झाकण तुम्हीच लावलंत, साहेब.”

मजुरांपैकी कुणीतरी खोकला दाबला. चाळणींना राग यायला हवा होता. त्यांनी फक्त वर चढायला हात पुढे केला आणि दाजींनी तो धरून त्यांना वर ओढलं.

ते तासभर भिंतीपाशी फिरले. जुने, खालचे सांधे नखाने खरवडून बघितले. जुना चुनाही भुरकटच होता. तुमच्या तक्त्याच्या आधीची माणसं कोणता दगड भाजत होती, ते त्या भिंतीत लिहिलेलं होतं. कुणी वाचलं नव्हतं एवढंच. मग ते येऊन म्हणाले की टाकीत पाणी नेहमी दगडांच्या खालून सातव्या थरापर्यंत असतं, तर सात थर करड्याने लावा. आठव्यापासून वर, आता पुन्हा सुरू झालेल्या मोठ्या भट्टीचा पांढरा मागवतो, तिथे हवा आहे, तिथे तो चालेल. आणि हे मी वहीत असंच्या असं लिहिणार, लपवणार नाही. तुमची फसवणूकही लिहिणार.

मी म्हटलं, लिहा.

त्यांनी लिहिलं. म्हणून तर तुम्हाला सगळं माहीत आहे. खरं लिहिलं म्हणून तुम्ही त्यांना घरी बसवलंत, हेही या कागदावर राहू दे.

दाजींनी खालचे सात थर करड्याने लावले, त्यावरचे पांढऱ्याने. रोज सकाळी, संध्याकाळपर्यंत संपेल तेवढाच करडा कालवायचा, उरलेला फेकायचा, उद्यावर ठेवायचा नाही. काम संपल्यावर अठ्ठावीस दिवस भिंतीवर ओली पोती. मी रोज पाणी मारायला जायचे. दाजी माझ्याशी बोलत नव्हते. बादली भरली की ती माझ्यासमोर ठेवायचे आणि पाठ वळवायचे.

पाणी सोडायच्या दिवशी ताईने घरातलं सामान दोन गाठोड्यांत बांधून दाराशी ठेवलं होतं. दाजींना दिसू नये म्हणून वर चादर टाकली होती. दाजींनी चादर उचलून बघितली आणि पुन्हा तशीच ठेवली. मग ते भिंतीच्या पायथ्याशी गेले आणि कोरड्या चुन्याची हातभर रुंद पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. ओल आली तर पट्टीवर लगेच काळा डाग दिसतो. आम्ही दोघं पट्टीच्या दोन टोकांना बसलो.

वर झडप उघडल्याचा आवाज आला. पाणी पहिल्या थराला लागलं, दुसऱ्याला. वरून मजूर ओरडून आकडा सांगत होता. चार. पाच. भिंतीतून काही ऐकू येतं का म्हणून मी कान लावला, तर माझंच रक्त वाजत होतं. सहावा आकडा आला आणि दाजींच्या समोर पट्टीवर काळा ठिपका पडला. आधी एक, मग त्याच्या शेजारी दुसरा. दाजी गुडघ्यावर आले. मी उठले. खालच्या घरांतून कुणीतरी गाणं लावलं होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

दाजींनी कपाळावरून हात फिरवला, हाताकडे बघितलं, ठिपक्याकडे बघितलं. घाम होता. त्यांचाच.

सात, असा आवाज आला आणि झडप बंद झाली. आम्ही आणखी दोन तास बसलो. पट्टी कोरडी. दाजी उठले, गुडघे झटकले आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले, “मेव्हणीबाई, पुढच्या वेळी खोटं बोलायचं असेल तर आधी मला विचारून बोला. मी जरा बरं सुचवीन.”

पट्टी वीस दिवस कोरडी होती. रोज बघितली. ताईने गाठोडी सोडली.

मग तुमचे मोठे पाहुणे यायचे ठरले. त्यांना टाकी भरलेली दिसावी म्हणून तुम्ही पाणी दहाव्या थरापर्यंत चढवायला सांगितलंत. दाजी स्वतः कार्यालयात आले होते, हे नाकारू नका. वरच्या थरांत पांढरा आहे, तो अजून आतून ओला आहे, त्याला पाणी लावू नका, असं त्यांनी सांगितलं. त्यांना सांगण्यात आलं की गवंड्याने गवंडीकाम बघावं. पाहुणे आले, काठोकाठ पाणी बघितलं, गेले. पाणी तसंच राहिलं.

नवव्या दिवशी सकाळी भिंतीवरून पांढरं दूध उतरलेलं होतं. बारीक बारीक ओघळ, तेवीस मी मोजले. खालच्या थरांवरून वाहत येऊन पायथ्याशी वाळलेले. त्या दिवशी तुमचा माणूस आला, पायथ्याशी उभा राहिला, खालच्या थरांचे फोटो काढले आणि गेला. पाच मिनिटंसुद्धा थांबला नाही. आठवड्याने नोटीस आली. खालच्या सात थरांवर चुना झिरपल्याचे डाग आढळले. सदर थरांत हलक्या प्रतीचा चुना वापरल्याचं नोंदीवरून सिद्ध आहे. सबब ते थर फोडून नियमाप्रमाणे पांढऱ्या चुन्याने भरावेत. गवंड्याला कामावरून कमी करावं. भट्टीचा परवाना रद्द.

परवाना घ्या. मी फसवलं, त्याची शिक्षा मला द्या, मी रडत येणार नाही. दाजींनी कुणाला फसवलेलं नाही, तरी त्यांनी औजारं धुऊन कोपऱ्यात ठेवली आहेत. पण ते सात थर आज टाकीचं सगळं पाणी छातीवर घेऊन उभे आहेत. ते फोडून तिथे लोणी भराल आणि वर पुन्हा काठोकाठ पाणी चढवाल, तर पाण्याला तक्ता वाचता येत नाही. ते खाली येईल. ताईने कालपासून पुन्हा गाठोडी बांधायला घेतली आहेत आणि या वेळी वर चादर टाकलेली नाही.

म्हणून मला एकच उत्तर हवं आहे, आणि शनिवारच्या आत हवं आहे. ज्याने ही नोटीस लिहिली त्याने स्वतः भिंतीपाशी यावं. फोटो नकोत. तेवीसपैकी कुठल्याही एका ओघळाच्या खालच्या टोकाला बोट लावावं आणि ओघळ धरून बोट वर वर सरकवत न्यावं. शिडी मी धरते. जिथे ओघळ सुरू होतो तिथे बोट थांबेल.

ते कितव्या थरावर थांबतं? आकडा लिहा आणि खाली वाचता येईल अशी सही करा.